इंदूरच्या गाडीला बर्फाचे टायर : पाच महिन्यांनंतर

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 245. भारतात 2020 साली 200च आल्या, त्यांतली एक. 245 पीएस ताकद, 370 एनएम टॉर्क आणि सगळा जोर पुढच्या चाकांवर. जानेवारीत हिमाचलच्या बर्फात जायचं होतं, म्हणून डिसेंबरात तिला विंटर टायर घालायला गेलो तर टायरवाला म्हणाला, "भिया, इंदौर में बर्फ तो गोले की ही मिलेगी."

18 इंची रिमवरचे 225/40 मापाचे टायर काढून 17 इंचीवर 225/45 घेतले. घेताना साइडवॉलवर तीन शिखरांतला हिमकण आहे ना ते बघा; नुसत्या 'एम प्लस एस'वर (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) जाऊ नका. आणि टायर कुठल्या दिशेने फिरायचा ते दाखवणारा बाणही बघा. आमच्याकडे डावीकडचे दोन्ही उलटे बसवले होते, ते दिल्लीपुढच्या मुरथलला चहा पिताना दिसलं. ते सुलटे करण्यात पुढे दोन तास गेले. दुकानाचं नाव घेत नाही.

जानेवारीत अटल टनेलचे 9.02 किलोमीटर संपवून सिस्सूकडे उतरलो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर गाडी इतकी शहाण्यासारखी चालली की मी उगाच निर्धास्त झालो. मग सावलीतलं एक वळण आलं, रस्ता नुसता काच. वेग जेमतेम वीस. ब्रेकवर पाय ठेवला, एबीएसने पेडल थरथरवलं आणि गाडी तीनेक गाड्यांची लांबी सरकत जाऊन थांबली. अशा काचेसारख्या ओल्या बर्फाचा घर्षणांक (पकडीचं माप) 0.1च्या आसपास, कोरड्या डांबराचा 0.8. चाळीसच्या वेगातून थांबायला डांबरावर 8 मीटर पुरतात, अशा बर्फावर साठाच्या वर लागतात.

मेव्हण्याची फोर बाय फोर, साध्या टायरवर. चढावर तो सुसाट पुढे गेला. उतारावर मात्र चारही चाकं एकदम घसरली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगाने त्याला अडवलं. "तुझी गाडी चिकटते कशी रे?" म्हणून माझ्या टायरवर हात फिरवत बसला.

स्पोर्ट मोड तिथे विसरा. टर्बोचा झटका आला की पुढची चाकं जागीच फिरतात आणि स्टिअरिंगचं कुणी ऐकत नाही. भुसभुशीत बर्फात रुतलो तेव्हा चाकं जागीच फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल तेवढ्यापुरता बंद केला. चाकं फिरू दिली, तरच बाहेर निघालो. (पीथमपूरला 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक घराजवळच आहे, पण बर्फावरच्या चाचण्यांसाठी कार कंपन्याही स्वीडनच्या आर्येप्लोगला गोठलेल्या तळ्यांवर जातात. आपल्याला सिस्सू.)

चूक पुढे केली. परत आल्यावर आळसाने टायर तसेच ठेवले. हे रबर 7 अंशांखाली मऊ राहावं म्हणून बनवलेलं. एप्रिलच्या इंदुरात ते लोण्यासारखं वागतं. बायपासवर शंभरला घोंघावतात, वळणावर गाडी आधी डुलते आणि मग वळते, ब्रेकही लांबतो. मेच्या सुरुवातीला काढले. नवे असताना 8 मिलिमीटर खाच होती, पुढच्यांची साडेपाच उरली. चारच्या खाली बर्फावरची पकड झपाट्याने जाते, म्हणजे फार तर अजून एक हिवाळा.