टिकटिक ऐकली आणि अठराशे पौंड गेले

जुनी माझ्दा एमएक्स-५ घेऊन तिच्या आवाजांनी झोप उडालेल्यांसाठी हे लिहितोय. मी लेस्टरला राहतो. गाडी १९९१ची, १६०० सीसीची, बॉनेटातून वर येणाऱ्या हेडलाइटवाली. गेल्या हिवाळ्यात सकाळी सुरू केली की बॉनेटखालून टिकटिक यायची, शिवणयंत्र चालावं तशी. मिनिटभराने थांबायची.

घराजवळच्या एका गॅरेजात दाखवली. मालक फार गोड बोलणारा. त्याने इंजिनाच्या खालच्या अंगाला स्टेथोस्कोप टेकवला आणि नळ्या माझ्या कानात दिल्या. "तूच ऐक." मी ऐकलं आणि हबकलो. इथेच फसलो. चालू इंजिनाला नळी लावली की धडधाकट इंजिनही शेवटच्या घटका मोजतंय असंच वाटतं, कारण चांगलं इंजिन आतून कसं वाजतं हे आपण कधी ऐकलेलंच नसतं.

निदान झालं: कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची) बेअरिंगं गेली, असंच चालवलं तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल. खर्च १,८०० पौंड, रोख दिले तर व्हॅट माफ. मी रोख दिले. चार दिवसांनी गाडी मिळाली, सोबत पिशवीत झिजलेली जुनी बेअरिंग शेल (बेअरिंगचे अर्धगोल पत्रे). आवाज गायब. खूश होऊन मी त्याला वर वाइनची बाटली दिली, हे सांगायला आता लाज वाटते.

पाच आठवड्यांनी टिकटिक परत आली. तिचा व्हिडिओ कोल्हापूरला मामाला पाठवला. त्याचं आयुष्य उद्यमनगरात इंजिनं खोलण्यात गेलंय. दोन मिनिटांत फोन. "आरं, ह्यो तर टॅपेट वाजतोय. बेअरिंग असं वाजतंय व्हय? त्ये ठोकतंय, आन् इंजिन तापलं की जास्तच ठोकतंय."

टॅपेट म्हणजे इंजिनाच्या वरच्या अंगाला झडपा दाबणारा छोटा भाग. मग मामाने मला मोजायला लावलं. टॅपेट दाबणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. गाडी जागेवर ८५० आरपीएमला (क्रँकच्या मिनिटाला ८५० फेऱ्या) चालू असेल, तर एक वाजणारा टॅपेट सेकंदाला साधारण सातदा टिकटिकतो; रॉडचं बेअरिंग ठोकलं तर चौदादा. व्हिडिओ संथ करून मोजा, सात येतात की चौदा ते कळतं. माझे सात आले. या पिढीच्या इंजिनात सोळा हायड्रॉलिक टॅपेट आहेत. रात्रभरात त्यांच्यातलं ऑइल उतरतं, किंवा ऑइल जुनं आणि घाण झालेलं असतं, म्हणून सकाळी ते वाजतात. या गाड्यांचं हे जुनंच दुखणं, बहुतेक वेळा ऑइल बदलून भागतं. त्या गॅरेजवाल्याने तेवढंच केलं असणार, म्हणून तर पाच आठवडे शांतता होती.

तरी मला पुरावा हवा होता. दुसऱ्या एका वर्कशॉपात गाडी लिफ्टवर चढवली. रॉडची बेअरिंगं बदलायची तर खालचा संप, म्हणजे ऑइलचं भांडं, काढावा लागतो, आणि या गाडीत त्यासाठी पुढची सबफ्रेम (इंजिनाखालची लोखंडी चौकट) खाली घ्यायची किंवा इंजिन वर उचलायचं. सबफ्रेमच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचा गंज होता, पाना लागल्याची एक खूण नाही. तिथल्या माणसाने मग ती पिशवी मागितली आणि शेल मोजली. चार रॉड, प्रत्येकी दोन, म्हणजे आठ हवीत. पिशवीत सहा होती.

मेकॅनिकने असा आवाज ऐकवला की लगेच "तुमचं म्हणणं मान्य" म्हणू नका. संशयित सिलिंडरची प्लगची वायर काढून दाखव म्हणा: बेअरिंग असेल तर ठोका दबतो, टॅपेट तसाच वाजत राहतो. काम चालू असताना संप उघडलेला फोटो मागा. आणि पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंतच्या कामाला इथल्या १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या (कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट) कलम ७५ने कार्ड कंपनीकडेही दाद मागता येते. लहान दाव्यांच्या कोर्टात १०,००० पौंडांपर्यंत जाता येतं, पण मी तिथे दाखवणार काय? ना पावती, ना बँकेतली नोंद. व्हॅट वाचवायला गेलो होतो ना! मालकाला जाब विचारला तर म्हणाला, "कसलं काम? तुझं फक्त ऑइल बदललं होतं."

मामाला मी आकडा पाचशे सांगितलाय. तेवढ्यावरच तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही.