बोटीचं रेडिमेड कव्हर : एक पावसाळा काढल्यानंतर

कव्हर मे महिन्यात घेतलं, आता दिवाळी होऊन गेली. किंमत साडेसहा हजार. ६०० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टर, आतून रबरासारखा लेप, काठाला इलॅस्टिक आणि ट्रेलरला आवळायला आठ पट्टे. बोट १४ फुटी, फायबरची. जयगडच्या खाडीत गरी टाकायला नेतो ती. शेड बांधायला जागा नाही, त्यामुळे ती परसात ट्रेलरवर उघड्यावरच असते.

मे महिनाभर मी खूश होतो. अगदी मापात बसलेलं, ऊन नाही, धूळ नाही, माडाचा कचरा नाही. शेजाऱ्यांनाही कौतुकाने दाखवलं.

मिरगाचा पहिला पाऊस झाला आणि दोन बाकांच्या मधे कापड खाली बसलं. तिथे घागरभर पाणी साठलं, ते मी खालून हाताने ढकलून सांडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कंपनीने मधे उभी करायला एक दांडी दिली आहे, पण दांडी एक आणि खोलगे तीन. शिवाय पाण्याच्या वजनाने कापड ताणलं की शिवणीची भोकं मोठी होतात आणि थेंब थेंब आत गळायला लागतं. पाणी कापडातून नाही, शिवणीतून येतं, हे कळायला मला तीन आठवडे लागले.

जुलैच्या मध्यावर एका रात्री बदाबदा कोसळला. सकाळी बघतो तर पुढचं इलॅस्टिक निसटून कव्हर बोटीच्या आत पडलेलं, आणि बोटीत गुडघाभर पाणी. तळाचं बूच मी काढून ठेवलं होतं, पण फणसाचं एक पान भोकावर असं चिकटलं होतं की जणू कुणी मापून लावलंय. ट्रेलरचे पाटे (चाकावरच्या स्प्रिंगा) सपाट झालेले, डावं चाक चिखलात रुतलेलं. हिशेब सोपा आहे : १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. माझी बोट साधारण ७ चौरस मीटर. रात्रीत १०० मिलिमीटर पडला तर ७०० लिटर, म्हणजे ७०० किलो. कोकणात १०० मिलिमीटरची रात्र ही काही बातमी नव्हे.

पाणी उपसत होतो तेव्हा खालच्या वाडीतले तात्या आले. आयुष्य मासेमारीत गेलेला माणूस. थोडा वेळ नुसतं बघितलं आणि म्हणाले, "अरे, होडी शाकारायची सोडून ही पिशवी कसली घातलीस तिला?"

शाकारणं मी लहानपणापासून बघत आलोय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्याआधी आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, होड्या वर ओढायच्या आणि घरासारखं छप्पर घालून ठेवायच्या. पण ते लाकडी होड्यांचं काम, आपल्या फायबरला कशाला, अशी माझी समजूत.

त्या दुपारी तात्यांनी दोन तासांत करून दाखवलं. पुढे-मागे बांबूची बेचकी, त्यावर नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत एक लांब बांबू, बोटीच्या काठापेक्षा दोन हात उंच. हे आडं. त्यावरून दोन्ही बाजूंना पोफळीच्या रिपा उतरत्या, टोकांना गोणपाट गुंडाळलेलं. वर साधी जाड ताडपत्री. दोरी सरळ ताडपत्रीला न बांधता मधे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घातली. वारा आला की ट्यूब ताण खाते, कडीचं भोक फाटत नाही. ही युक्ती साडेसहा हजारांच्या वस्तूत नाही.

पुढची आणि मागची बाजू मात्र उघडी ठेवली. मी म्हटलं, "तात्या, पाऊस आत येईल की." तर म्हणाले, "येऊ दे चार थेंब. वारा नको काय तिला?" मी शहाणपणाने आतून कव्हरही ठेवलं होतं. आठ दिवसांनी उचललं तर खालच्या बाजूला घाम, बाकांवर हिरवट बुरशी. काढून टाकलं. त्यानंतर आत कोरडं राहिलं, फक्त गांधीलमाश्यांनी आड्याला पोळं केलं.

ट्रेलरचा दांडा आता जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर उचललेला असतो. उतार पुरेसा आहे का हे बघायला नाळेत बादलीभर पाणी ओतायचं. ते न थांबता भोकातून बाहेर पडलं पाहिजे. माझं पहिल्यांदा मधल्या बाकाशी थांबलं, अजून एक चिरा लागला. भोकावर आता तारेची जाळी आहे. आसही चिऱ्यांवर, चाकं अधांतरी. इंजिन उतरवून पडवीत उभं ठेवतो, आडवं नाही. टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करतो, कारण हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलला पाणी ओढायची खोड आहे, चार महिन्यांत तळाशी पाणी बसतं.

सप्टेंबरअखेर सगळं सोडलं तेव्हा कव्हरचीही तपासणी केली. आतला लेप पापुद्रे सुटावेत तसा सुटतोय, बोटाने निघतो. जिथे कापड वाऱ्याने फडफडत होतं, तिथे बोटीच्या रंगावर पांढुरक्या घासल्याच्या रेषा आहेत. पॉलिश करूनही त्या गेल्या नाहीत, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. आठपैकी दोन बकलं गंजून जाम झाली, तिथे सुतळी बांधली आहे.

मग पैसे फुकट गेले का? नाही. नोव्हेंबर ते मे उन्हासाठी हे उत्तम आहे, आणि रस्त्याने बोट नेताना तर फारच छान बसतं. पाचपैकी उन्हाळ्याला चार, पावसाळ्याला एक. तो एकही मापात शिवलंय म्हणून. वेष्टणावर "सर्व ऋतूंसाठी" लिहिलंय; ज्याने लिहिलं त्याने जुलैतला जयगड पाहिलेला नाही.

तात्यांनी मजुरी घेतली नाही. पहिली तांबोशी त्यांची, असं ठरलंय. ती अजून गळाला लागायची आहे.