अंदमान की लक्षद्वीप: पोचायला सोपं कोणतं, पाण्यात उतरायला सोपं कोणतं

अंदमानला पोचणं सोपं आहे, पाणी मात्र नवख्याला थोडं जड जातं. लक्षद्वीपचं नेमकं उलटं. तिथे पोचेपर्यंत कागदं आणि तिकिटं जीव खातात, पण एकदा लगूनमध्ये, म्हणजे बेटाभोवतीच्या शांत उथळ पाण्यात, उतरलं की पोहता न येणाऱ्यालाही छातीभर पाण्यात कासव चरताना दिसू शकतं. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडून निघणाऱ्या जोडप्याने आधी हा व्यवहार समजून घ्यावा. रिसॉर्टचे फोटो दोन्हीकडचे सारखेच निळे असतात, त्यावरून काही ठरत नाही.

आधी तारीख

कापसाची शेवटची वेचणी झाली, तुरीची सवंगणी आटोपली, हरभरा घरात आला की फेब्रुवारीअखेर ते एप्रिलचा मध्य असा मोकळा काळ सापडतो. दोन्ही समुद्रांसाठीही हाच काळ सगळ्यात चांगला. वारा पडलेला असतो, पाणी निवळलेलं असतं, बोटी सहसा रद्द होत नाहीत.

गोची होते ती लगनसराईतल्या जोडप्यांची. मेच्या सुरुवातीला लग्न, मग पूजा, गोंधळ, मांडवपरतणी, आणि निघायला उजाडतो मेचा तिसरा आठवडा. आपल्याकडे तेव्हा ४५ डिग्री असतं म्हणून समुद्र गोड वाटतो. पण मोसमी पाऊस दक्षिण अंदमानच्या समुद्रात साधारण २० मेच्या आसपास येतो आणि वाऱ्याची धुसफूस त्याच्याही आधी सुरू होते. लक्षद्वीपलाही केरळच्या आगेमागेच पाऊस पोचतो. १० मेनंतरची तिकिटं काढूच नयेत. फिरणं तेव्हाही होईल, पण पाण्याखाली गढूळ हिरवट धुक्याशिवाय फारसं काही दिसणार नाही. सोयाबीनचे पैसे हातात आले म्हणून दिवाळीत जाणाऱ्यांनीही थोडं थांबावं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा मोसम आहे. अर्धा डिसेंबर उलटला की मग हरकत नाही, फक्त नाताळच्या आठवड्यात भाव चढलेले असतात.

रस्ता आणि कागदं

अंदमानसाठी नागपूरहून चेन्नई किंवा कोलकाता गाठायचं आणि तिथून सव्वादोन तासांच्या आसपासचं विमान धरायचं. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांना चेन्नई सोयीची: तामिळनाडू एक्स्प्रेस नागपूरनंतर बल्लारशाहला थांबते आणि नागपूरहून साधारण १६ ते १९ तासांत चेन्नईला नेते. अकोला, बडनेरा, वर्धा, गोंदियावाल्यांना हावडा मार्ग सरळ पडतो. रेल्वे आणि विमान एकाच दिवशी जोडू नका. गाडी चार तास उशिरा आली तर रेल्वेचं तिकीट फुकट जात नाही, विमानाचं जातं.

पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम), हॅवलॉक (स्वराज द्वीप) आणि नील (शहीद द्वीप) या नेहमीच्या ठिकाणांसाठी भारतीयांना परवाना लागत नाही. आधार कार्ड पुरतं. हॅवलॉकला खाजगी बोट दीड तासाच्या आसपास घेते, सरकारी बोट अडीच. एसटीत उलटी होणाऱ्याला बोटीत हमखास होते, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी बोट सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. जागा मधली घ्यायची, नजर क्षितिजावर ठेवायची, मोबाइल खिशात.

लक्षद्वीपचा परवाना बाहेरच्या प्रत्येक भारतीयाला लागतो आणि खरं काम तिथेच आहे. पोलिसांचा चारित्र्य दाखला, आधार, फोटो आणि तिथला यजमान किंवा नोंदणीकृत टूरवाला, एवढं जमलं की अर्ज पुढे सरकतो. तालुक्याच्या ठाण्यातून पडताळणी होऊन दाखला हातात येईपर्यंत दिवस मोडतात. निवडणूक किंवा बंदोबस्त लागला तर आणखी. दीड-दोन महिने आधी सुरुवात करावी आणि परवाना येईपर्यंत रद्द न होणारं तिकीट काढू नये. ३६ बेटांपैकी वस्ती १० बेटांवर, आणि त्यातही पर्यटकांना मोजकीच खुली आहेत. परवान्यावर ज्या बेटांची नावं, तेवढीच आपली.

नवविवाहितांची हमखास होणारी चूक: पत्रिकेत छापलेलं सासरचं नाव तिकिटावर टाकतात आणि आधारवर माहेरचं असतं. विमानतळावर अडकतात, परवान्याच्या अर्जात तर नक्कीच. आधारवर जे नाव, तेच सगळीकडे. नाव बदलायचं ते परत आल्यावर.

लक्षद्वीपला जायचं दार कोची. केरळ एक्स्प्रेस नागपूर, बल्लारशाहहून जाते, पण एर्नाकुलमपर्यंत एक पूर्ण दिवस-रात्र आणि वर काही तास. पुढे लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाचं छोटं विमान दीड तासाचं. अगत्तीची धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटर आहे, त्यामुळे विमान लहान आणि सामानाला कात्री. दुसरा पर्याय जहाजाचा, बेटानुसार १४ ते १८ तास. जहाज प्रवाळांच्या कड्यात शिरू शकत नाही, म्हणून बऱ्याच बेटांपाशी ते बाहेर थांबतं आणि हलत्या जहाजावरून हलत्या छोट्या होडीत उतरावं लागतं. खलाशी दोन्ही दंड धरून, लाट होडीला वर आणते त्या क्षणी "उतरा" म्हणतात. तेव्हा उतरायचं, मागेपुढे नाही. ज्याचे गुडघे बैलगाडीतून उतरतानाही कुरकुरतात त्याने विमानच धरावं.

पाणी

लगून म्हणजे बेटाभोवतीच्या प्रवाळकड्याने अडवलेलं उथळ पाणी. बाहेर लाटा फुटतात, आत गावतळ्यासारखं शांत. अगत्ती, बंगाराम, कदमतचं पाणी कमरेपासून दोन पुरुषांपर्यंत, तळाशी पांढरी रेती, त्यामुळे उजेड खालपर्यंत जातो. किनाऱ्यावरून चालत उतरता येतं, तासभर आपल्या चालीने पाहता येतं. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्याला इथे काहीच अवघड नाही. जपायचं एका जागेला: प्रवाळकड्यात जिथे खिंड असते तिथे. ओहोटीच्या वेळी लगूनचं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर धावतं आणि माणसालाही ओढून नेतं. खिंड कुठे आहे हे होडीवाल्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नये.

अंदमानात हॅवलॉकचा एलिफंट बीच हे नवख्यांचं ठरलेलं ठिकाण. तिथे बोटीच्या भाड्यात जे स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पालथं तरंगत पाण्याखाली पाहणं) धरलेलं असतं ते अगदी थोडा वेळ चालतं: रबरी रिंगला धरायचं, गाइड ओढत नेतो, चार मासे दाखवतो आणि परत. ज्यांना खरंच पाहायचं आहे त्यांनी जास्त वेळाचे पैसे आधीच ठरवून द्यावेत आणि पहिल्या बोटीने जावं, गर्दीच्या पायांनी रेती उधळली की दिसणं निम्मं होतं. वंडूरजवळचं जॉली बॉय बेट प्रवाळांसाठी सरस, पण ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय खुलं असतं, उरलेले महिने रेड स्किन हे दुसरं बेट. प्लॅस्टिक नेऊ देत नाहीत.

अंदमानात भरती-ओहोटीचा फरक लक्षद्वीपपेक्षा मोठा आहे, आणि इथे आपलं पंचांग कामाला येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: पाणी खूप चढतं, खूप उतरतं, ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी हलतं आणि नवख्याला सोयीचं. नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर ओहोटीत प्रवाळ जवळजवळ उघडे पडतात, पोहायला गेलात तर पोट आणि गुडघे खरचटतील. तिथे अर्ध्या भरतीनंतरच उतरावं.

सामानात एकच गोष्ट स्वतःची असावी ती मास्क. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी पाणी शिरतंच: मिशी कापा, नाहीतर तिथे व्हॅसलीनचा पातळ थर लावा. केसांची एक बटही आत अडकली तरी गळती सुरू. काच धुरकट होऊ नये म्हणून आत थुंकी किंवा बेबी शाम्पूचा थेंब चोळून एकदाच विसळायचं. चष्म्यावर मास्क बसत नाही, नंबरची काच मिळते का ते आधी विचारून ठेवा. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क दिसतात छान, पण त्यात उच्छ्वासाची हवा साचू शकते आणि पाणी शिरलं तर पटकन काढता येत नाही. ते नकोत.

सराव घरीच होतो. घमेल्यात पाणी भरायचं, मास्क लावायचा, नळी तोंडात धरून चेहरा बुडवायचा आणि फक्त तोंडाने श्वास घ्यायचा. पहिल्या मिनिटाला नाक आपोआप ओढायला बघतं आणि घाबरगुंडी उडते. ती समुद्रात उडण्यापेक्षा अंगणात उडालेली बरी. पाच-पाच मिनिटं, आठवडाभर. नळीत पाणी गेलं तर चूल फुंकताना मारतो तशी एक जोरकस फुंकर मारायची, पाणी वरून उडतं. त्यासाठी छातीत थोडी हवा नेहमी शिल्लक ठेवायची.

पाठ भाजते हे लोक विसरतात. पालथं तरंगताना मान, पाठ आणि गुडघ्यामागचा भाग सतत उन्हात असतो आणि पाणी गार असल्यामुळे कळत नाही. पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट आणि लेगिंग्ज घाला, क्रीम कमी लागेल आणि प्रवाळांनाही बरं. लक्षद्वीपच्या वस्तीच्या बेटांवर हाच पोशाख शोभतोही, तिथला समाज बहुतांश मुस्लिम आणि साधा आहे.

काय दिसेल

ताडोबाची सवय असलेल्यांना इथे एक सुख आहे: जिप्सी नाही, चोवीस माणसांची कुजबुज नाही. हिरवं समुद्री कासव लगूनमधलं सागरी गवत खातं, म्हणून गवत आहे तिथे कासव शोधायचं. तीन-चार मीटर लांब राहायचं, वरून झेप घ्यायची नाही, आणि ते श्वासासाठी वर येत असेल तेव्हा त्याच्या वाटेत थांबायचं नाही. कासवांसाठी जायचं असेल तर लक्षद्वीपच. तिथे लगूनमध्ये पाकट आणि लहान रीफ शार्कही दिसतात, माणसाला पाहून तेच पळतात.

अंदमानात विविधता जास्त. विदूषक मासे, पोपट मासे, राक्षसी शिंपले, निळे तारामासे, शिवाय खारफुटी आणि जंगल. अंधाऱ्या पंधरवड्यात हॅवलॉकला रात्री कयाकमधून (वल्ह्याच्या अरुंद होडीतून) पाण्यात हात फिरवला की चमकणारे जीव दिसतात, पौर्णिमेला हे होत नाही. पोर्ट ब्लेअरजवळच्या रॉस बेटावरच्या हरणांसाठी मात्र मुद्दाम जाऊ नये. ते चितळ आहेत, बाहेरून आणून सोडलेले, आपल्या वावराच्या धुऱ्यावर रोज उभे असतात तेच. बाराटांग बेटाचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे माणसांचे फोटो काढणं गुन्हा आहे, आणि एक पूर्ण दिवस गाडीत जातो. सहा दिवसांच्या सहलीतून ते खुशाल वगळा.

खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात आहे. २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक तरुणीचा तिने बळी घेतला होता. म्हणून खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ आणि दिवस मावळताना पाण्यात उतरायचं नाही. फलक असेल तर तो शोभेचा नसतो. तिथे दिवस लवकर मावळतो, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारासच, म्हणून सगळं सकाळी आखायचं.

प्रवाळांबाबत दोन्हीकडे एक अपेक्षा कमी करून जावी. समुद्र तापल्याने २०१०, २०१६ आणि अलीकडे २०२४ मध्येही प्रवाळ पांढरे पडले. जाहिरातीतली बाग मिळणार नाही, राखाडी फांद्यांमध्ये रंगीत मासे मिळतील. मेलेलं प्रवाळ किंवा शिंपलाही पिशवीत टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळांनाही संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

जेवण आणि बाकीचं

शाकाहारी जोडप्याला अंदमान सोपं, इडली-डोशापासून बंगाली थाळीपर्यंत सगळं मिळतं. लक्षद्वीपला टूना आणि नारळ, भाजी मुख्य भूमीवरून येते. शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा सोबत असू द्या, तेलकट लोणचं चेक-इन सामानात. दारू लक्षद्वीपला बंगाराम सोडून बंदच आहे. दोन्हीकडे रोख रक्कम लागते.

सहा-सात दिवस, पहिलाच विमानप्रवास, कागदांचा कंटाळा असेल तर अंदमान घ्या. दोघांपैकी एकाला पाण्याची भीती असेल आणि हाताशी दोन महिने असतील तर लक्षद्वीप. दोन्ही परवडत नसेल तर नागपूर-मडगाव गाडीने कुडाळला उतरून मालवण गाठा: पाणी तितकं स्वच्छ नाही, पण मास्क, नळी आणि मनाची भीती तिथे तपासून होते, देवबागकडे डॉल्फिनही दिसतात. जून ते ऑगस्ट तिथलं सगळं बंद.

आणि अंदमानचं तिकीट काढताना शेवटची रात्र हॅवलॉकला ठेवू नका. वारा सुटला की बोट रद्द होते, विमान मात्र तुमची वाट पाहत नाही. शेवटचा मुक्काम पोर्ट ब्लेअरला.