मानेचा मसाज: सहा महिन्यांनंतर

डोकं दुखलं की कालनिर्णयवर त्या तारखेला फुली, गोळी घेतली तर फुलीभोवती गोल. डिसेंबरात 17 फुल्या होत्या, त्यातल्या 11 गोलात. जूनमध्ये 6 फुल्या, 2 गोल. एवढंच हवं असेल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल. पण हा सगळा फरक मसाजनेच पडला, असं मी म्हणणार नाही.

मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात दिवसभर कॉम्प्युटरवर, कॅडमध्ये ड्रॉइंग करते. दुपारी चार वाजले की डोक्याला कुणी पट्टा आवळतंय असं व्हायचं. ठणका नाही, उलटी नाही, दोन्ही बाजूंनी नुसता दाब. सासूबाईंची चंपी तासभर पुरायची. शेवटी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून टेन्शन हेडेक सांगितलं आणि गोळ्यांवरून झापलं. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, अशा महिनोन्‌महिने घेतल्या तर त्यांनीच डोकं दुखायला लागतं म्हणे. घरच्यांनी मात्र त्यातलं 'टेन्शन' तेवढं उचललं. 'तू विचार फार करतेस' हे अजून चालू आहे.

पहिला प्रयोग कॉलेज रोडवरच्या एका स्पामध्ये. मंद दिवे, पाण्याची खुळखुळ आणि पाठीचा भुगा. जोर कमी करा म्हटलं तर, "गाठी मोडायच्या तर दुखणारच." दोन दिवस मान वळेना. पॅकेजचे पैसे आधीच भरले होते, ते गेले.

मग इंदिरानगरमध्ये एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे जायला लागले. 40 मिनिटं, 700 रुपये. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उताणं झोपवलं आणि कवटी संपून मान सुरू होते तिथल्या दोन खळग्यांत बोटं टेकवली. चोळणं नाही, नुसतं धरून ठेवलं. थोड्या वेळात उजव्या भुवईच्या वर तेच चार वाजताचं दुखणं उमटलं. "हेच का, ताई?" हेच! बोटं मानेत आणि कळ कपाळात. मिनिटभरात ती विरत गेली. नंतर खांदे, कानशिलं, जबडा. दात आवळून ड्रॉइंग करायची माझी सवय मला तिथं टेबलावर कळली.

आराम टिकायचा चार-पाच दिवस. गुरुवारी सेशन, मंगळवारी फुली. मार्चमध्ये मॅडमनी माझ्या ऑफिसच्या टेबलाचा फोटो मागवला, स्क्रीन फार खाली आहे म्हणाल्या. मी मॉनिटरखाली कागदाच्या दोन रिमा ठेवल्या, हनुवटी आत ओढायचा व्यायाम सुरू केला आणि फुल्या खऱ्या कमी झाल्या त्या एप्रिलपासून. आता महिन्यातून दोनदाच जाते. श्रेय कुणाला किती द्यायचं, ते तुम्हीच ठरवा.

तक्रार एकच. परतताना स्कूटीवर मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धे खांदे पुन्हा कानाला लागतात.

सलूनमध्ये कडकन मान मोडून घेता ना, ते बंद करा. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. आणि डोकं अचानक भयंकर दुखलं, तापाबरोबर मान ताठली किंवा हातापायातलं बळ गेलं, तर मसाज राहू दे, थेट हॉस्पिटल गाठा.

ऑफिसात प्रिंटरचे कागद संपले की कुणीतरी माझ्या मॉनिटरखालची रिम मागायला येतं. देत नाही.