सत्तर रुपयांच्या पासवर पुण्याची नाट्यगृहं आणि टॉकीज: सात महिन्यांचा अनुभव

२०२५ च्या जूनमध्ये शहर बसचा दिवसाचा पास चाळीस रुपयांवरून सत्तर झाला, तेव्हा आमच्या सोसायटीत आठवडाभर तोच विषय होता. मी तो पास आयुष्यात पहिल्यांदा काढला तो त्याच महिन्यात. ऑफिसला जाण्यासाठी नाही, फिरण्यासाठी.

त्याआधी भाचीकडे लंडनला गेले होते. तिथे उघड्या टपाच्या दुमजली बसमधून नाटकवाल्या भागात फिरवतात. हवं तिथे उतरा, बघा, मागून येणाऱ्या गाडीत बसा. ड्रुरी लेनचं थिएटर आलं की कानातल्या यंत्रातून सांगतात, इथे १६६३ पासून नाटकं होतात, आत्ताची इमारत १८१२ ची आहे. ऐकताना मला सारखं बालगंधर्व रंगमंदिर आठवत होतं, भरत नाट्य मंदिर आठवत होतं. आपल्याकडेही हे सगळं आहे, आणि दिवसभर चढ-उतार करू देणारा पासही आहे. सांगणारं कोणी नाही एवढंच. मग मी आत्याला बरोबर घेतलं.

आत्या शहात्तर वर्षांची आहे. सदाशिव पेठेत वाढली, नाटकं आणि सिनेमे बघतच मोठी झाली. गुडघे दुखतात, पण कान आणि आठवण खणखणीत. जूनपासून डिसेंबरपर्यंत आम्ही दोघींनी अकरा वेळा असा दिवस काढला. एका दिवसात सगळं बघायचा हट्ट पहिल्याच खेपेला सोडला. तीन ठिकाणं, मध्ये जेवण आणि चारच्या आत घरी, हे आम्हाला जमलं.

आधी रस्त्यांबद्दल सांगते, कारण क्रम चुकला तर अर्धा दिवस वाया जातो. जंगली महाराज रस्ता शिवाजीनगरकडून डेक्कनकडे एकेरी आहे. त्यामुळे डेक्कनला उतरून बसने बालगंधर्वला जायचं म्हटलं तर वळसा पडतो. सुरुवात शिवाजीनगरहून करा: आधी बालगंधर्व, मग डेक्कन, मग कर्वे रस्त्याने नळ स्टॉप. पेठांमध्येही हेच. स्वारगेटहून बाजीराव रस्त्याने वर यायचं आणि शनिवारवाड्यापासून शिवाजी रस्त्याने खाली जायचं. मी इतकी वर्षं स्कूटरवर फिरले, हे रस्ते पाठ आहेत असं वाटायचं. पण स्कूटरवर आपण गल्लीतून निघून जातो, बस जात नाही.

बालगंधर्व रंगमंदिरासाठी एक अख्खी सकाळ ठेवा. कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते १९६२ साली बसली. रंगमंदिर उघडलं २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, पण ते बघायला ते नव्हते, आदल्याच वर्षी गेले होते. हे मला वाचून माहीत होतं. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेल्या त्यांच्या दोन तैलचित्रांसमोर आत्या उभी राहिली तेव्हा मात्र ते पोचलं. एका चित्रात ते पुरुषवेषात, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत. आत्या बराच वेळ दुसऱ्या चित्रातल्या हाताकडे बघत होती. "बोटं बघ," ती म्हणाली, "पदर धरलाय की नुसता टेकवलाय, कळत नाही. आम्हाला शाळेच्या नाटकात बाई हेच शिकवायच्या आणि एकीलाही जमायचं नाही." मी हे चित्र इतक्या वेळा बघितलंय, हाताकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

ही इमारत पाडून नवी बांधायची चर्चा गेली काही वर्षं चालू आहे. माझं मत स्पष्ट आहे: आतली व्यवस्था सुधारा, खुर्च्या बदला, स्वच्छतागृहं नीट करा, पण ही वास्तू राहू द्या. तिसरी घंटा झाल्यावर दिवे हळूहळू मंद होतात आणि हजार माणसं एकदम गप्प होतात, ते याच भिंतींमध्ये दोन पिढ्यांनी अनुभवलंय. दुपारचा प्रयोग असेल तर तिकीट काढून मध्यंतरातला बटाटेवडा जरूर खा.

नळ स्टॉपला उतरून लॉ कॉलेज रस्त्याने चालत गेलं की आधी प्रभातचा स्टुडिओ, म्हणजे आत्ताची फिल्म इन्स्टिट्यूट. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर हे चालणं जमेत धरा, आम्ही वाटेत दोनदा थांबलो. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी हे पाच भागीदार. १९३६ चा 'संत तुकाराम' इथलाच, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. १९६० साली या जागेत चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू झाली. कॅम्पस शिकणाऱ्या मुलांचा आहे, त्यामुळे कुणीही उठून आत शिरू नये. आधी चौकशी करून, परवानगी घेऊन जा. आम्ही तसंच केलं आणि प्रभातच्या वस्तूंचं संग्रहालय बघायला मिळालं. आत्याला तिथून हलवणं अवघड गेलं. तुतारी फुंकणारी प्रभातची खूण दिसली आणि ती हळूच ती धून गुणगुणायला लागली.

त्याच रस्त्यावर पुढे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६४ साली सुरू झालं, आणि पी. के. नायर यांनी आयुष्य घालून ते उभं केलं. बॅरिस्टर जयकरांचा जुना बंगलाही याच आवारात आहे. इथे नुसतं फिरायला जाण्यात अर्थ नाही. चित्रपट दाखवणार असतील तो दिवस बघून जा. आम्ही पहिल्यांदा रविवारी गेलो आणि फाटकावरून परतलो. चौकशी न करता निघाले, ती चूक माझी.

टिळक रस्त्यावर एस. पी. कॉलेजपाशी उतरलात की टिळक स्मारक मंदिर जवळच आणि थोडं आत चालून भरत नाट्य मंदिर. भरतची संस्था १८९४ ची. 'घाशीराम कोतवाल' या नाटकाचा पहिला प्रयोग इथेच झाला, १६ डिसेंबर १९७२ ला. आत्याने पहिला नाही, पण त्या सुरुवातीच्या दिवसांतला एक पाहिला होता. रंगमंचावर रांगेत उभी असलेली माणसं हलायला लागली तेव्हा अंगावर काटा आला, असं ती आजही सांगते. ऑगस्टमध्ये आम्ही गेलो तेव्हा पुरुषोत्तम करंडकाचे, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचे दिवस होते. दाराबाहेर कॉलेजची मुलं घसा बसेपर्यंत आपल्या संघाच्या घोषणा देत होती. आत्याने एका मुलीला विचारलं, "कुठल्या कॉलेजची गं तू?" ती मुलगी चेहऱ्यावरचा रंग न पुसताच दहा मिनिटं तिच्याशी बोलत बसली. त्या दिवशी आम्ही पुढे कुठेच गेलो नाही आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

आता टॉकीजबद्दल. खरं सांगायचं तर बसच्या या फिरण्याने मला सगळ्यात जास्त दिलं ते इथे. अलका, वसंत, नीलायम, लक्ष्मीनारायण ही नावं बसमध्ये दिवसभर कानावर पडतात. लोकमान्य टिळक चौक म्हणून कोणी तिकीट मागत नाही, "अलका द्या" म्हणतात. अप्पा बळवंत चौकात उतरलं की प्रभात टॉकीज. आता तिचं नाव किबे लक्ष्मी आहे, पण आत्याच्या तोंडी प्रभातच.

मग मंडई. शिवाजी रस्त्याने बसने आलात तर मंडईला उतरा, मेट्रोचं स्टेशनही आता तिथेच आहे. पुण्यातलं पहिलं सिनेमागृह, आर्यन, इथे होतं. बापूसाहेब पाठकांनी १९१५ मध्ये सुरू केलं. आता तिथे वाहनतळ आहे आणि लोक त्याला आजही आर्यनचं पार्किंग म्हणतात. सप्टेंबरमधल्या एका दुपारी आम्ही त्या स्कूटरींच्या रांगांमध्ये उभ्या होतो. आत्याने आधी मंडईच्या शिखराकडे बघितलं, मग मागे वळली, आठ-दहा पावलं चालली आणि एका मोटारसायकलपाशी थांबली. "पडदा इकडे. आम्ही पार मागे बसायचो, दादा, मी आणि तुझे बाबा. तुझे बाबा मध्यंतराच्या आधीच झोपायचे." बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. पार्किंगवाला आधी पावतीसाठी आला होता, तोही ऐकत उभा राहिला.

आता त्रासाचं. गणेशोत्सवात संध्याकाळी पेठांमधले रस्ते वाहनांना बंद होतात. हे ठाऊक असूनही मी आत्याला घेऊन मध्यभागात अडकले. बस मिळणं शक्य नव्हतं, मेट्रोच्या जिन्यावर गर्दी होती आणि आत्याला टिळक रस्त्यापर्यंत चालावं लागलं. रात्री मी तिचे गुडघे शेकत बसले होते. त्या दहा दिवसांत हा बेत करूच नका. काही गाड्यांची पायरी उंच असते, तिथे वाहकांनी आत्याला दरवेळी हात दिला, हे आवर्जून लिहिते. सकाळी अकरा ते दुपारी साडेतीन हीच बरी वेळ, नंतर बसायला जागा मिळत नाही. पास म्हणजे तिकिटाच्याच कागदाची पट्टी असते. एकदा घामाने अक्षरं पुसट झाली, तेव्हापासून मी तो मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवते. ओळखपत्र जवळ असू द्या. बस कुठवर आलीय ते मोबाइलवर दिसतं, त्यामुळे उन्हात उभं राहणं बरंच वाचलं.

पैशांचा हिशोब सांगायचा तर दिवसात बऱ्याच वेळा चढ-उतार केली तरच पास परवडतो. एकाच ठिकाणी जाऊन परत यायचं असेल तर साधं तिकीट काढा. रिक्षाने आमचा हाच फेरा केला असता तर किती झाले असते, ते पुण्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आणि गाडी लावायला जागा शोधायची नाही, हे पेठांमध्ये सगळ्यात मोठं सुख.

तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना घेऊन जा, आणि फोनमध्ये त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. मी ते पाचव्या खेपेपासून सुरू केलं, आधीच्या चार खेपांचं बरंचसं निसटून गेलं. आमचं कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आणि नीलायम अजून राहिलंय. संक्रांतीनंतर ऊन चढायच्या आत जायचं असं आत्याने ठरवलंय.