कार्बन नॅनोट्यूबचं दातांचं एक्स-रे यंत्र : दापोलीत नऊ महिने

दिवाळीनंतर घेतलं, आता श्रावण चालू आहे. दवाखान्यात भिंतीवरचं जुनं यंत्र आहेच. पण ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर बरेच दिवस वीज नव्हती, सुजलेल्या गालाने माणसं यायची आणि मुळाशी काय झालंय ते दिसायचं नाही. तेव्हापासून बॅटरीवर चालणारं यंत्र हवं होतं.

जुन्या यंत्राच्या एक्स-रे नळीत टंगस्टनची तार लालबुंद तापवावी लागते, तेव्हा इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. १९१३मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ कूलिजने आणलेली ही पद्धत अजून चालू आहे. नव्या नळीत तार नाही, नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा थर आहे. इतक्या बारीक टोकाशी विद्युत क्षेत्र शेकडो पटींनी एकवटतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर तापलेल्या तारेतला इलेक्ट्रॉन घाट चढून जातो. इथे तो कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या बोगद्यातून गेल्यासारखा आरपार निघतो. फरक एवढाच, की बोगदा कोणी खोदलेला नसतो, क्षेत्रामुळे डोंगरच पातळ होतो. नॅनोट्यूबमधून असे इलेक्ट्रॉन काढता येतात, हे १९९५मध्ये प्रयोगांनी दाखवलं.

तार तापवायची नसल्याने बॅटरीवरचा तेवढा भार गेला. बटण दाबलं की लगेच किरण. पाजपंढरीला अंथरुणाला खिळलेल्या एका आजींच्या घरी हे स्टँडवर लावून नेलं होतं. लांब वायरचं बटण, आजींना शिशाचा एप्रन. दाबलं, आणि त्या म्हणाल्या, "झाला पण?" मला फार बरं वाटलं.

आरव्हीजीवरचा (तोंडात ठेवायच्या डिजिटल सेन्सरवरचा) फोटो मात्र जुन्यापेक्षा सरस नाही. रूट कॅनालला मुळाचं टोक दोन्हींवर सारखंच दिसतं. 'कोल्ड कॅथोड' (न तापवता इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) वाचून यंत्र तापणारच नाही असंही समजू नका. इलेक्ट्रॉन आपटतात त्या टार्गेटवर ऊर्जेचा साधारण १ टक्काच एक्स-रे होतो, बाकी सगळी उष्णता. लागोपाठ फोटो काढले की थांबावंच लागतं.

पावसाळ्यात एकदा यंत्र बंद पडलं. मला वाटलं नळी गेली. निघालं काय, तर चार्जिंगच्या पिनांवर हिरवा गंज, खाऱ्या हवेचा. दुरुस्तीला ११ दिवस गेले, आणि त्या दिवसांत घरी जाऊन पाहायचे दोन रुग्ण ताटकळले याचं वाईट वाटतं. नळी सीलबंद असल्याने दमट हवा नॅनोट्यूबपर्यंत पोचत नाही. त्यांचा खरा शत्रू नळीतच उरलेला वायू : त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, येऊन टोकांवर आदळतात. टोकं झिजली की तेवढाच प्रवाह काढायला गेटवर (इलेक्ट्रॉन ओढून काढणाऱ्या जाळीवर) जास्त व्होल्टेज लागतं.

म्हणून घेणाऱ्यांनी नळीची वॉरंटी लेखी घ्यावी आणि गेटच्या व्होल्टेजची पहिल्या दिवशीची नोंद मागून ठेवावी. मी ती दुरुस्तीच्या वेळी हट्टाने मागितली. आकडा अजून पहिल्या दिवसाच्या जवळपास आहे. पुढचा दिवाळीनंतर बघणार.