गॅरेजच्या कोब्यावरचे जुने डाग: बरेच महिने वापरल्यावर काय टिकलं, काय नाही

आधी निकालच सांगते, मग बाकीचं. कोब्यात मुरलेला इंजिन ऑइलचा जुना डाग काढण्यात सगळ्यात जास्त काम तेल शोषून घेणाऱ्या पावडरीच्या लेपाने केलं, त्याच्या खालोखाल डिग्रीझरने, म्हणजे तेलकटपणा काढणाऱ्या क्लीनरने, आणि लोक सगळ्यात आधी ज्याच्याकडे धावतात ते ॲसिड तेलाच्या डागावर अजिबात चालत नाही. हे धुतल्या धुतल्या लिहीत नाहीये, मध्ये बरेच महिने गेलेत, ऋतू बदलले, गाडी रोज त्याच जागेवर लागतेय, आणि मुद्दामच एवढं थांबले कारण या कामात पहिल्या दिवशीच्या फोटोला काही अर्थ नसतो. ओला कोबा सगळाच काळपट दिसतो, वाळला की एकदम उजळतो आणि वाटतं चला, गेला डाग, पण काही दिवसांत तोच डाग त्याच आकारात परत वर आलेला असतो.

तो परत का येतो हे कळलं ना, की पुढची निम्मी मेहनत वाचते. काँक्रीट घट्ट होताना त्यातलं जास्तीचं पाणी उडून जातं आणि त्या पाण्याच्या वाटा आत तशाच राहतात, केसापेक्षा बारीक नळ्याच. तेल त्यातून खाली उतरतं. आपण वरून घासतो तेव्हा वरवरचं तेवढं जातं, मग खालचं तेल हळूहळू वर चढतं, दिव्याच्या वातीत चढतं तसंच. त्यामुळे नुसता घासायचा जोर वाढवून फार फरक पडत नाही, आतलं तेल बाहेर ओढणारं काहीतरी लागतं. पेट्रोल किंवा रॉकेल ओतून पुसा म्हणून कोणी सांगितलं तर प्लीज ऐकू नका, तेल पातळ होऊन आणखी खोल जातं, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद गॅरेजमध्ये ती जमिनीलगत साठते, एक ठिणगी पुरते.

सुरुवात करायच्या आधी डागावर आणि डागाच्या बाजूला पाण्याचे चार थेंब टाकून बघा. मिनिटाभरात पाणी मुरून जागा गडद झाली तर कोबा उघडा आहे, थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर वर जुना सीलर (पाणी, डाग मुरू नयेत म्हणून कोब्याला मारतात तो) आहे नाहीतर तेलाचा थर. सीलर असेल तर नशीबवान आहात, डाग बहुतेक वरच्यावर असतो आणि साध्या लिक्विड सोपनेही निघतो.

डिग्रीझर मी सोडियम मेटासिलिकेटवाला वापरला, हे एक अल्कली आहे, पावडर येते ती गरम पाण्यात कालवायची. एक गोष्ट इथे नीट समजून घ्या. खायच्या तेलातुपाचा डाग असेल तर अल्कलीने त्याचा खरोखर साबण बनतो आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. इंजिन ऑइल खनिज तेल आहे, त्याचा साबण होत नाही. तिथे डिग्रीझरमधलं सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा फेस करणारा घटक, तेलाचे बारीक बारीक थेंब करून पाण्यात धरून ठेवतं, एवढंच. म्हणजे ते घाण पाणी वेळेत उचललं नाही तर ते जिथे वाळेल तिथे तेल परत बसणार. पाकिटावर घासा, धुवा एवढंच लिहिलेलं असतं, उचला असं कोणी लिहीत नाही, आणि माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे.

माझी पद्धत अशी बसली: डाग आधी पाण्याने ओलसर करायचा, मग द्रावण ओतायचं, नायलॉनच्या कडक ब्रशने गोल गोल घासायचं आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं, वाळायला लागलं तर वर थोडं पाणी शिंपडायचं. पहिल्यांदा फेस पांढरा असतो, मग कडेने करडा होत जातो आणि मधोमध, जिथे इंजिनाखाली तेल ठिबकायचं, तिथे अक्षरशः काळा होतो आणि त्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो. तो काळा फेस वायपरने एका बाजूला ओढून जुन्या फडक्यांनी टिपून घ्यायचा, ओलं पाणी ओढणारा व्हॅक्यूम असेल तर उत्तमच, आणि मगच स्वच्छ पाणी मारायचं. फेस काळा व्हायचा थांबेपर्यंत हे परत परत करायचं. ब्रश तारेचा घेऊ नका, लोखंडाचे बारीक तुकडे कोब्यात अडकतात, नंतर गंजतात आणि नवीनच डाग उभे राहतात.

एवढं केल्यावर डाग बराच फिका झाला, पण काही दिवसांनी मधला गडद भाग परत वर आला, आधीपेक्षा कमी, पण आला. तिथून पुढे लेप.

लेप म्हणजे शोषून घेणारी पावडर आणि तेल विरघळवणारं सॉल्व्हंट, बस. पावडर टाल्क चालते, मुलतानी माती चालते, डायटोमेशियस अर्थ मिळाली तर फारच छान. सॉल्व्हंट मी मिनरल टर्पेंटाइन घेतलं, ॲसिटोनही चालतं पण ते फार पटकन उडतं. घट्ट कालवायचं, थापीवर उचललं तर ओघळता कामा नये. डागाच्या कडेच्या बाहेर चार बोटं जाईल असं पसरायचं, साधारण 1 सेंटीमीटर जाड, वर प्लॅस्टिक टाकून कडा टेपने बंद करायच्या आणि एक दिवस हात लावायचा नाही. या वेळात सॉल्व्हंट खाली जाऊन तेल सैल करतं. मग प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण, अगदी खडखडीत वाळू द्यायचा, आणि इथे घाई नको, कारण तेल वर ओढलं जातं ते लेप वाळतानाच, सॉल्व्हंट वरून उडत जातं आणि विरघळलेलं तेल सोबत घेऊन पावडरीत येतं.

वाळलेला लेप कडेने भेगाळतो. पहिला तुकडा पत्र्याच्या पट्टीने उचलून उलटा केला तेव्हा वरून पांढरा स्वच्छ आणि कोब्याला टेकलेली बाजू तपकिरी, मधे तर जवळजवळ काळी, डागाचा आख्खा आकार त्यावर उमटलेला. डिग्रीझरने इतकं घासल्यानंतरही आत एवढं तेल होतं! पुढच्या लेपांत तो तपकिरी रंग उतरत गेला, शेवटचा लेप पांढराच निघाला तेव्हा थांबले. दरवाजा पूर्ण उघडा ठेवा, गॅसचा गीझर किंवा कुठलीही ज्योत गॅरेजमध्ये असेल तर ती आधी बंद करा, यात हयगय नको.

आता ॲसिडबद्दल, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो. म्युरिॲटिक ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, ते सिमेंट खातं, तेल खात नाही. उलट तेल मुरलेली जागा ॲसिडपासून वाचते आणि आजूबाजूचा स्वच्छ कोबा वरून झिजून खरखरीत होतो, म्हणजे डाग तिथेच आणि आता जास्त उठून दिसणार. त्यातून त्याच्या धुराने गॅरेजमधली पाने-पक्कड, सायकलची चेन सगळं गंजायला लागतं. आणि ब्लीचसोबत तर चुकूनही नको, क्लोरीन वायू तयार होतो.

गंजाचा डाग मात्र वेगळं प्रकरण आहे. लोखंडी रॅकच्या पायांखाली केशरी गोल झाले होते, त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लावलं, 10 भाग गरम पाण्यात 1 भाग. गंज डोळ्यांदेखत फिका होतो, पण हे विषारी आहे, हातमोजे-गॉगल हवेतच आणि मुलं, पाळीव प्राणी लांब. कोब्यातल्या चुन्याशी त्याची क्रिया होऊन पांढुरकी झाक राहते, माझ्याकडे दोन गोलांवर ती अजून दिसते. म्हणून राहिलेल्या खोल डागांना सोडियम सायट्रेट वापरलं, 6 भाग कोमट पाण्यात 1 भाग विरघळवायचं, त्यात 7 भाग ग्लिसरीन, आणि पावडर घालून लेप, दोन-तीन दिवस ठेवायचा. वेळ जास्त लागतो पण कोबा खरवडला जात नाही, मला हेच जास्त आवडलं.

टायरचे काळे पट्टे डिग्रीझरनेच गेले, बऱ्यापैकी. ते नुसतं रबर नसतं, टायर मऊ ठेवणारी तेलं गरम टायरमधून कोब्यात उतरतात, त्यामुळे तपकिरी सावली थोडी राहते आणि गाडी लागत राहिली की परत येते, याला माझ्याकडे कायमचा इलाज नाहीये.

बॅक्टेरियावालं क्लीनर पण वापरलं, तेल खाणारे जीवाणू असतात ते. कोपऱ्यातल्या छोट्या डागावर काम छान झालं पण आठवडेच्या आठवडे ती जागा ओलसर ठेवावी लागते, आणि ब्लीच किंवा कडक डिग्रीझर शिल्लक असेल तर जीवाणू मरतात. गाडी रोज लावायची असेल तर अवघड आहे. प्रेशर वॉशर शेवटी धुवायला चांगला, पंख्यासारखी फवारणी करणारा नोझल लावून आणि जरा लांबून, अगदी जवळ एकाच जागी धरला तर कोब्यावर चरे पडतात ते कायमचे. गरम पाण्याचा मिळाला तर फरक जाणवतो.

सगळं झाल्यावर कोबा नीट वाळवून सिलेन-सिलॉक्सेन सीलर मारला, आत मुरणारा. वर चमकदार थर बसतो तो ॲक्रिलिक मी टाळला, गरम टायरला चिकटून तो उचलला जातो. सिलेनवाला पाणी मस्त अडवतो, तेल मात्र पूर्ण अडवत नाही, फक्त मुरायला जास्त वेळ लावतो, तेलही अडवणारा हवा असेल तर डब्यावर तसं स्पष्ट लिहिलंय का ते बघून घ्या. मध्यंतरी ऑइल बदलताना थोडं सांडलं होतं, ते टिपून घेऊन डिग्रीझर मारला, खूणही राहिली नाही. आधी हेच सांडलं असतं तर लेपापर्यंत गेलं असतं.

आजची स्थिती: इंजिनाखालचा मोठा डाग उभं राहून बघितलं तर दिसत नाही, वाकून तिरप्या उजेडात बघितलं तर एक पुसट कडा दिसते. इपॉक्सी (कोब्यावर कडक प्लॅस्टिकसारखा थर बसतो ती) करायचा विचार असलेल्यांनी तेवढ्यावर समाधान मानू नका, आधी परत थेंब टाकून बघा, पाणी मुरत नसेल तर इपॉक्सी त्याच जागी सुटणार. आणि इपॉक्सी करायचीच असेल तर मध्ये सीलर मारू नका.

राहिला तेलकट कचरा. टिपलेली फडकी आणि वापरलेला लेप बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, सॉल्व्हंटची फडकी मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळवा, मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा आणि धोकादायक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. काळं पाणी पावसाच्या गटारात सोडू नका, ते तसंच ओढ्या-नदीला जाऊन मिळतं. मी ते बादलीत साठवून आधी तेल वर तरंगू देते आणि ते वेगळं काढून जुन्या इंजिन ऑइलच्या कॅनमध्ये टाकते, तो कॅन जुनं तेल परत घेतात तिथे जातो. सगळं तेल असं तरंगत नाही, साबणामुळे बरंच पाण्यातच राहतं, म्हणून उरलेलं पाणीही कॅनमध्ये भरून तिथेच देते.